वेगळे आणि विरुद्ध : 'द्विभाजन' या शब्दाची गोष्ट

प्रश्नपत्रिकेत 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न आला की विद्यार्थी पट्टी घेऊन कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारतो. डावीकडे धातू, उजवीकडे अधातू. डावीकडे सजीव, उजवीकडे निर्जीव. डावीकडे नैसर्गिक धागे, उजवीकडे कृत्रिम धागे. एका बाजूच्या प्रत्येक मुद्द्यासमोर दुसऱ्या बाजूला त्याच्या उलट मुद्दा लिहिला की गुण मिळतात. ही रेघ आपल्या इतकी सवयीची झाली आहे की ती कोणी मारली, कशासाठी मारली आणि ती नेमकी कुठे मारायला हवी, याचा विचार आपण क्वचितच करतो.

एखाद्या समूहाचे परस्परविरोधी अशा दोन भागांत विभाजन करणे याला मराठीत द्विभाजन म्हणतात, इंग्रजीत 'डायकॉटमी'. या शब्दाचा इतिहास मोठा रंजक आहे. तो पाहताना आपण अथेन्सपासून सुरुवात करू आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहाडपर्यंत येऊ. कारण शहाडच्या एका कारखान्यात असा एक धागा तयार होतो, जो वरच्या तिसऱ्या तक्त्यातल्या कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही.

कापण्यावरून आलेला शब्द

ग्रीक भाषेत 'डिखा' म्हणजे दोन भागांत आणि 'टोमे' म्हणजे कापणे. 'ॲटम' या शब्दातही हेच कापणे आहे. जो कापता येत नाही तो ॲटम. अपेंडिक्स कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या नावातही शेवटी तेच 'टोमे' येते. म्हणजे डायकॉटमीचा मूळ अर्थ साधा आहे : दोन तुकडे करणे. त्या तुकड्यांनी एकमेकांचे वैरी असलेच पाहिजे असे मूळ शब्दात काही नाही.

खगोलशास्त्रात हा शब्द अर्धचंद्रासाठी वापरला गेला. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सामोस बेटावरच्या ॲरिस्टार्कसने असा विचार केला, की चंद्र बरोबर अर्धा प्रकाशित दिसतो त्या क्षणी चंद्रापाशी काटकोन होत असला पाहिजे. त्या क्षणी पृथ्वीवरून सूर्य आणि चंद्र यांच्यामधला कोन मोजला की सूर्य चंद्राच्या किती पट दूर आहे ते काढता येईल. भूमितीत चूक नव्हती. त्याने कोन ८७ अंश धरला आणि उत्तर १८ ते २० पट आले. प्रत्यक्षात तो कोन सुमारे ८९ अंश ५१ मिनिटे आहे आणि सूर्य जवळजवळ ३९० पट दूर आहे. उजेड आणि अंधार यांच्यामधली रेषा नेमकी कधी सरळ झाली, हे डोळ्यांनी ठरवणे फार कठीण असते. कागदावरची रेघ स्वच्छ असली तरी निसर्गातली रेघ तशी असेलच असे नाही, याचे हे बहुधा सर्वांत जुने उदाहरण असावे.

वनस्पतिशास्त्रात ज्या झाडाच्या फांद्यांना दुबेळक्यासारखे पुन्हा पुन्हा दोन फाटे फुटतात, त्याला हेच विशेषण लावतात. ताडाला सहसा फांद्या नसतात, पण दीवच्या किनाऱ्यावर 'होका' नावाचा फाटे फुटणारा ताड आहे. त्याचे शास्त्रीय नावच 'हायफेनी डायकॉटमा' असे आहे. अमीबाच्या प्रजननाला आपल्या पाठ्यपुस्तकांत 'द्विविभाजन' म्हटलेले असते. अमीबा दुभंगतो, पण त्याचे दोन भाग परस्परविरोधी नसतात. ते अगदी सारखे असतात.

विरोधाचा अर्थ या शब्दाला चिकटला तो तर्कशास्त्रात. प्लेटोच्या संवादांमध्ये व्याख्या करण्याची एक पद्धत दिसते. एक मोठा वर्ग घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, हवा तो भाग ठेवून त्याचे पुन्हा दोन भाग करायचे आणि असे करत व्याख्येपर्यंत पोहोचायचे. 'सोफिस्ट' या संवादात गळाने मासे पकडणाऱ्या माणसाची व्याख्या अशीच केली आहे.

पण याच प्लेटोने 'स्टेट्समन' या संवादात एक महत्त्वाचा इशारा दिला आहे. त्या काळी ग्रीक लोक मानवजातीचे दोन भाग करत : ग्रीक आणि 'बार्बरियन', म्हणजे बाकी सगळे. संवादातला पाहुणा म्हणतो की ही वाटणी चुकीची आहे. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या असंख्य लोकांना केवळ एक नाव दिल्याने त्यांचा एक वर्ग होत नाही. हे म्हणजे सर्व संख्यांमधून दहा हजार ही एक संख्या बाजूला काढून उरलेल्या सर्व संख्यांना एकच नाव देण्यासारखे आहे. संख्यांचे भाग करायचे तर सम आणि विषम असे करावेत. पुढे तो असेही सुचवतो, की क्रौंच पक्ष्यांना बुद्धी असती तर त्यांनीही क्रौंच आणि इतर प्राणी अशीच वाटणी केली असती आणि माणसाला 'इतर' मध्ये टाकले असते.

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल आणखी पुढे गेला. प्राण्यांच्या अवयवांवरील ग्रंथात त्याने दोन-दोन भाग करत जाण्याच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. 'पंख असलेले' या वर्गाचे पुढे प्रकार पाडता येतात, कारण पंख वेगवेगळ्या तऱ्हांचे असतात. 'पंख नसलेले' या वर्गाचे त्याच आधारावर प्रकार कसे पाडणार? जे नाहीच त्याच्या तऱ्हा नसतात. हा आक्षेप लक्षात ठेवू. तो आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

आपल्या व्याकरणातले 'आणि' व 'किंवा'

आपल्या परंपरेतही या प्रश्नाचा विचार झाला आहे आणि मराठी शिकवणारा प्रत्येक शिक्षक तो नकळत शिकवत असतो. 'द्वंद्व' म्हणजे जोडी आणि द्वंद्व म्हणजे झुंजही. एकाच शब्दात दोन्ही अर्थ नांदतात. पण द्वंद्व समास शिकवताना आपण त्याचे प्रकार वेगळे करतो. 'आईवडील' म्हणजे आई आणि वडील; हा इतरेतर द्वंद्व. 'पापपुण्य' म्हणजे पाप किंवा पुण्य. हा वैकल्पिक द्वंद्व. 'मीठभाकर' म्हणजे मीठ, भाकर आणि तत्सम इतर पदार्थ. हा समाहार द्वंद्व. दोन शब्द शेजारी ठेवले की त्यांच्यामध्ये 'आणि' आहे, 'किंवा' आहे की 'वगैरे' आहे, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते. विज्ञानाच्या तासाला मात्र आपण ते विचारायचे विसरतो.

नकारदर्शक 'अ' किंवा 'अन्' या उपसर्गाबद्दल संस्कृत वैयाकरणांनी याहून बारीक विचार केला. त्यांनी त्याचे सहा अर्थ सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्रशस्तपणा आणि विरोध. यांपैकी तीन आपल्या कामाचे आहेत. 'अपाप' म्हणजे पाप नसणे, हा अभाव. 'अनश्व' म्हणजे घोड्याहून वेगळा कोणीही, हे अन्यत्व. 'अधर्म' म्हणजे धर्माच्या विरुद्ध, हा विरोध. नसणे, वेगळे असणे आणि विरुद्ध असणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. गाढव घोड्याहून वेगळे आहे, पण ते घोड्याच्या विरुद्ध नाही. द्विभाजनाचा दुरुपयोग होतो तो बहुतेक वेळा इथेच. 'वेगळे' असते त्याला आपण 'विरुद्ध' म्हणून टाकतो.

तर्कशास्त्राच्या दृष्टीने चांगल्या द्विभाजनाला दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली, कोणीही बाहेर राहता कामा नये. दुसरी, कोणीही दोन्हीकडे असता कामा नये. पूर्णांकांचे सम आणि विषम हे भाग या दोन्ही अटी पाळतात. 'उंच आणि बुटके' ही वाटणी पहिली अट मोडते, कारण वर्गातली बहुतेक मुले मध्यम उंचीची असतात. 'शेतकरी आणि कामगार' ही वाटणी दुसरी अट मोडते. मुंबईच्या गिरणीत काम करणारा आणि भातलावणीला कोकणात जाणारा माणूस कोणत्या बाजूला लिहायचा?

द्विदल म्हणजे कोण?

द्विभाजनाचा जीवशास्त्रातला सर्वांत उपयुक्त वापर म्हणजे वनस्पती ओळखण्याची किल्ली. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक? फुलाच्या पाकळ्या जुळलेल्या आहेत की सुट्या? अशा दोन-दोन पर्यायांतून निवड करत आपण वनस्पतीच्या नावापर्यंत पोहोचतो. लामार्कने १७७८ च्या आपल्या फ्रान्समधील वनस्पतींवरील ग्रंथात ही पद्धत पद्धतशीरपणे वापरली आणि तेव्हापासून ती रूढ झाली. ही किल्ली नाव शोधण्याची सोय आहे. वनस्पतींची खरी नाती ती सांगत नाही, हा भेद लामार्कलाही मान्य होता. दार उघडण्यासाठी किल्ली लागते, पण किल्लीच्या आकारावरून घराचा नकाशा काढता येत नाही.

सोय आणि नाते यांची गल्लत झाली की काय होते, हे एकदल-द्विदल या ओळखीच्या जोडीत दिसते. बियांतील दलांच्या संख्येवरून केलेला हा भेद सतराव्या शतकात जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने वर्गीकरणात आणला. ज्वारी आणि नारळ एकदल, तूर आणि आंबा द्विदल. तीनशे वर्षे हे सपुष्प वनस्पतींचे दोन प्रमुख भाग मानले गेले. पुढे डीएनएच्या अभ्यासावरून वनस्पतींची वंशावळ तयार झाली आणि १९९८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने नवे वर्गीकरण मांडले. त्यातून असे दिसले, की एकदल वनस्पती हा खरोखरच एका पूर्वजापासून आलेला गट आहे, पण सर्व द्विदल मिळून तसा गट होत नाही. कुमुदिनीची शाखा फार आधीच वेगळी झाली. सोनचाफा, सीताफळ, मिरी आणि दालचिनी यांचीही शाखा निराळी आहे. तूर, आंबा, कापूस यांचा मोठा गट आणखी वेगळा. एकदलांची शाखा जुन्या 'द्विदलां'च्या आतूनच फुटली आहे.

म्हणजे 'द्विदल' या शब्दाचा अर्थ अखेर 'जे एकदल नाहीत ते बाकी सगळे' एवढाच उरला. ग्रीक आणि बाकी सगळे, क्रौंच आणि बाकी सगळे, तसेच हे. 'अपृष्ठवंशीय' या शब्दाचेही असेच आहे. गांडूळ, डास आणि ऑक्टोपस यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे त्यांच्याजवळ नसलेला पाठीचा कणा. ॲरिस्टॉटलचा आक्षेप इथे बरोबर लागू पडतो. शेतात किंवा बागेत काम करताना एकदल-द्विदल हा भेद आजही उपयोगी आहे. तो शिकवायला हरकत नाही. तो निसर्गाने मारलेली रेघ म्हणून शिकवू नये, इतकेच.

शहाडचा धागा

आता रसायनशास्त्राकडे वळू. 'सेंद्रिय' या शब्दाची फोड 'स + इंद्रिय' अशी होते, म्हणजे इंद्रिये असलेल्या जीवांपासून मिळणारे. एके काळी रसायनशास्त्रज्ञ असे मानत, की सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच तयार होऊ शकतात. १८२८ मध्ये फ्रीड्रिश व्होलर याने अमोनियम सायनेट या असेंद्रिय मानल्या जाणाऱ्या संयुगापासून प्रयोगशाळेत युरिया तयार केला. तो मूत्रातल्या युरियाहून काहीही वेगळा नव्हता. एका प्रयोगाने जुनी समजूत लगेच मोडली नाही, पण रेघ पुसट होऊ लागली. आज युरियाची गंमत अशी आहे, की रसायनशास्त्राच्या तासाला तो सेंद्रिय संयुग असतो आणि शेतीच्या धड्यात सेंद्रिय खताच्या विरुद्ध बाजूचे रासायनिक खत असतो. पदार्थ एकच, पण विचारलेला प्रश्न वेगळा म्हणून रकाना वेगळा.

हीच गोष्ट रेयॉनच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसते. मुंबईहून येणारा मध्य रेल्वेचा मार्ग कल्याणला दुभंगतो. एक फाटा कर्जतकडे जातो आणि दुसरा कसाऱ्याकडे. कसाऱ्याच्या फाट्यावरचे पहिले स्थानक शहाड. उल्हास नदीजवळच्या या गावात विसाव्या शतकाच्या मध्याला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला. पुढच्या आंबिवली स्थानकाजवळ मोहोने येथेही रेयॉनचा एक मोठा कारखाना होता. तो पुढे बंद पडला. कल्याण परिसरातल्या अनेक पिढ्यांची रोजीरोटी या धाग्यावर चालली.

रेयॉनचा कच्चा माल म्हणजे लाकडाचा शुद्ध केलेला लगदा, म्हणजेच सेल्युलोज. तो कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात भिजवतात. नंतर त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया घडवतात. जो नारिंगी पदार्थ मिळतो तो पुन्हा सौम्य कॉस्टिक सोड्यात विरघळवला की मधासारखा दाट द्राव तयार होतो. त्याला 'व्हिस्कोज' म्हणतात. हा द्राव अतिशय बारीक छिद्रांच्या झारीतून सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात सोडला की छिद्राछिद्रातून धागा निघतो. १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले.

या सगळ्या खटाटोपाच्या शेवटी मिळते काय? सेल्युलोजच. कॉस्टिक सोड्याने आणि कार्बन डायसल्फाइडने त्याला विरघळण्याजोगे केले आणि आम्लाने त्याला पुन्हा मूळ रूपात आणले. कापूसही मुख्यतः सेल्युलोजच असतो. रेयॉनच्या रेणूंच्या साखळ्या कापसाच्या मानाने बऱ्याच आखूड असतात आणि त्या रचलेल्याही निराळ्या पद्धतीने असतात, पण साखळीची कडी तीच, ग्लुकोजची.

मग रेयॉन नैसर्गिक की कृत्रिम? पदार्थ झाडाने बनवला, धागा माणसाने बनवला. सुरुवातीला त्याला 'कृत्रिम रेशीम' म्हणत. पण रेशीम हे प्रथिन आहे आणि रेयॉनचा प्रथिनाशी संबंध नाही. १९२४ मध्ये अमेरिकेत 'रेयॉन' हे नवे नाव स्वीकारले गेले. जुन्या दोन रकान्यांत बसेना म्हणून भाषेला तिसरा शब्द घडवावा लागला.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. 'नैसर्गिक' म्हणजे चांगले आणि 'रासायनिक' म्हणजे वाईट, अशी दुसरी एक रेघ आपण पहिल्या रेघेवरच गिरवत असतो. रेयॉनचा कपडा मातीत कुजतो, हे त्याचे कापसाशी नाते. पण तो बनवताना लागणारे कार्बन डायसल्फाइड विषारी आहे. त्याच्या वाफांत दीर्घकाळ काम केल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होतो, हे जगभरच्या रेयॉन उद्योगाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. म्हणून 'झाडापासून बनलेला' असे लेबल वाचून कामगाराच्या श्वासाचा प्रश्न सुटत नाही. तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो : कारखान्यात हवा कशी खेळते, वाफा कुठे जातात, सांडपाण्याचे काय होते?

माणसांवर मारलेली रेघ

शहाड स्थानकातून बाहेर पडले की उल्हासनगर लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्करी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये वस्तीला नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. फाळणीत पंजाब आणि बंगाल या प्रांतांचे दोन भाग झाले. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. त्यामुळे इकडे आलेल्या सिंधी माणसाला आपल्या भाषेचा प्रांत उरला नाही. त्याची भाषा, त्याचा धर्म आणि त्याची भूमी या तीन गोष्टी आजवर एकाच माणसात राहत होत्या. कागदावर दोन रकाने आखले गेले तेव्हा त्यांतली एकच गोष्ट विचारली गेली आणि उरलेल्या दोन्हींचा निर्णय तिच्यावरून झाला.

१९६७ मध्ये सिंधीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. ती भारतात अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाते आणि देवनागरीतही. इथे 'किंवा' च्या जागी 'आणि' आले. उल्हासनगर शहरही असेच आहे. कल्याणला लोहमार्ग दुभंगतो, पण हे शहर दोन्ही फाट्यांच्या मध्ये पसरलेले आहे. त्यातले काही लोक कसाऱ्याच्या फाट्यावरच्या शहाडला उतरतात, काही कर्जतच्या फाट्यावरच्या विठ्ठलवाडीला किंवा उल्हासनगरला.

वर्गात काय करता येईल?

द्विभाजन टाकून द्यावे असे मुळीच नाही. विचाराला सुरुवात करण्याचे ते उत्तम साधन आहे. फक्त साधन कसे चालते ते विद्यार्थ्याच्या हाताला कळले पाहिजे. त्यासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो.

सुती कापड, रेशीम, लोकर, रेयॉन, नायलॉन आणि पॉलिएस्टर यांचे काही दोरे जमवा. विद्यार्थ्यांना प्रथम त्यांचे 'नैसर्गिक' आणि 'कृत्रिम' असे दोन गट करायला सांगा. नंतर शिक्षकाने स्वतः चिमट्यात धरून, जवळ पाण्याची बादली ठेवून, एकेक दोरा ज्योतीत धरावा. सूत आणि रेयॉन कागदासारखे जळतात आणि तसाच वास येतो. रेशीम आणि लोकर यांना केस जळल्याचा वास येतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळतात आणि त्यांचा टणक मणी होतो. दोनाचे तीन गट झाले. रेयॉन सुताच्या गटात गेले आणि सूत व रेशीम एकमेकांपासून वेगळे झाले. आता सुताचा आणि रेयॉनचा दोरा पाण्यात भिजवून ओढा. रेयॉन चटकन तुटते, कारण भिजल्यावर त्याची ताकद बरीच घटते. सुताचे तसे होत नाही. पुन्हा नवी रेघ पडली.

यांतली खरी रेघ कोणती, असे विद्यार्थी विचारतील. त्यावर त्यांनाच विचारावे : धागा कोणी बनवला, तो कशाचा बनला आहे, की तो भिजल्यावर कसा वागतो? प्रत्येक प्रश्नाची रेघ निराळी आहे आणि आपापल्या प्रश्नापुरती प्रत्येक रेघ बरोबर आहे.

यापुढे 'फरक स्पष्ट करा'चा तक्ता आखताना विद्यार्थ्याला दोन जादा ओळी लिहायला सांगाव्यात. तक्त्याच्या वर, ही रेघ कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मारली ते. आणि तक्त्याच्या खाली, कोणत्याच रकान्यात न बसणारे एक तरी उदाहरण. सजीव-निर्जीवच्या खाली तो विषाणू लिहील, वनस्पती-प्राणीच्या खाली युग्लीना लिहील, नैसर्गिक-कृत्रिमच्या खाली रेयॉन लिहील. परीक्षेत त्या दोन ओळींना कदाचित गुण मिळणार नाहीत. पण पुढे कधी कोणी त्याच्यासमोर माणसांची दोन रकान्यांत वाटणी करून ठेवली, तर खालच्या ओळीत कोणाला लिहायचे हे तो नक्की विचारील.